पीआर येईपर्यंत हेल्थ कार्डचं काय? कॅनडात जोडीदाराला स्पॉन्सर करणाऱ्यांसाठी

कॅनडात नवऱ्याला किंवा बायकोला स्पॉन्सर केलं, म्हणजे आपल्या हमीवर त्यांच्या कायमच्या वास्तव्यासाठी (पीआर) अर्ज केला, की घरातल्या सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे लागतं: पीआर कधी येणार. त्याआधीच्या काळात आजारपण आलं तर डॉक्टरांचे पैसे कोण देणार, हा प्रश्न पहिला ताप येईपर्यंत कुणाला सुचत नाही. मग ओळखीच्यांना विचारावं तर उत्तरं उलटसुलट. एकाच्या बायकोला पीआरच्या आधीच ओन्टारियो प्रांताचं हेल्थ कार्ड, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड, मिळालेलं असतं, दुसरीच्या नवऱ्याला त्याच काउंटरवरून परत पाठवलेलं असतं. दोघंही खरंच सांगत असतात. फरक असतो तो त्यांनी काउंटरवर ठेवलेल्या कागदांत. तो फरक आधी समजला तर कित्येक महिन्यांची धास्ती टळते, म्हणून हा लेख. मी मुख्यतः ओन्टारियोबद्दल लिहिते आहे. शेवटी ब्रिटिश कोलंबिया आणि क्यूबेकबद्दल थोडंसं आहे.

दोन सरकारं, दोन वेगळे निर्णय

कॅनडात कुणी राहायचं हे केंद्र सरकार ठरवतं. त्यासाठीचं खातं म्हणजे आयआरसीसी. आजारपणाचा खर्च मात्र प्रांत उचलतो, आणि कुणाचा उचलायचा हेही प्रांतच ठरवतो. १९८४च्या कॅनडा हेल्थ अ‍ॅक्टने प्रांतांना काही अटी घातल्या आहेत. प्रांतातल्या रहिवाशांना विमा द्यायचा, आणि नव्याने आलेल्या रहिवाशाला तीन महिन्यांपेक्षा जास्त थांबवायचं नाही, या त्यातल्या दोन. रहिवासी कोण, याची व्याख्याही त्या कायद्यात आहे: जो कायद्याने कॅनडात राहू शकतो, ज्याचं घर त्या प्रांतात आहे आणि जो सहसा तिथेच असतो. पण त्याच वाक्यात पुढे म्हटलं आहे की पर्यटक, तात्पुरता मुक्कामी आणि व्हिजिटर यात धरायचे नाहीत.

सगळी अडचण या शेवटच्या शब्दाची आहे. लग्न करून आलेली बायको इथे संसार मांडते, भाड्याच्या करारावर तिचं नाव असतं, अर्ज आयआरसीसीकडे गेलेला असतो. पण तिच्या पासपोर्टवर शिक्का असतो व्हिजिटरचा. घरच्यांच्या दृष्टीने ती इथली झालेली असते, कागदोपत्री मात्र पाहुणीच. या मधल्या अवस्थेतल्या माणसाचं काय करायचं, याचं उत्तर प्रत्येक प्रांताने आपापल्या नियमांत दिलं आहे. म्हणूनच अल्बर्टा प्रांतातल्या कॅल्गरीतल्या मावसभावाचा अनुभव ओन्टारियोतल्या मिसिसागामध्ये चालत नाही.

इथे एक गैरसमज आधीच दूर करते. केंद्र सरकारचा इंटरिम फेडरल हेल्थ प्रोग्राम नावाचा आरोग्य कार्यक्रम आहे, आणि त्याचं नाव अशा गप्पांमध्ये हमखास निघतं. तो निर्वासितांसाठी आणि आश्रय मागणाऱ्यांसाठी आहे. स्पॉन्सरशिपवर आलेल्या जोडीदाराला तो लागू होत नाही.

ओन्टारियोत आत जायचे दोन मार्ग

ओन्टारियोच्या सरकारी आरोग्य विम्याला सगळे ओहिप म्हणतात. पीआर नसलेल्या जोडीदाराला ओहिप मिळण्याचे मुख्य मार्ग दोन: एक पीआरच्या अर्जाचा, दुसरा नोकरीचा.

पहिल्या मार्गाचा नियम नीट वाचायला हवा, कारण बहुतेक लोक त्यातला अर्धाच भाग ऐकतात. पीआरसाठी अर्ज केलेली व्यक्ती, अर्ज मंजूर झालेला नसला तरी, ओहिपसाठी पात्र ठरू शकते. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढची अट अशी की ही व्यक्ती पीआरच्या अर्जासाठी लागणाऱ्या पात्रतेच्या अटी पूर्ण करते, असं आयआरसीसीने कळवलेलं असलं पाहिजे, आणि अर्ज नाकारला गेलेला नसावा.

आता या अटीसमोर आपल्याकडची पत्रं ठेवून बघा. अर्ज पाठवल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जे पत्र येतं त्याला सगळे एओआर म्हणतात. ती अर्जाची पोच असते. अर्ज मिळाला, त्याला क्रमांक दिला, आता तो पुढे जाईल, एवढंच त्यात असतं. तुम्ही पात्र आहात असं त्यात कुठेही नसतं, कारण तोवर कुणी ते तपासलेलंच नसतं. नुसता एओआर घेऊन गेलेल्यांना काउंटरवरून परत यावं लागतं त्याचं कारण हे. तिथला माणूस अडवणूक करत नसतो. त्याच्याकडच्या यादीत जे वाक्य आहे, ते तुमच्या पत्रात नसतं.

ते वाक्य नंतरच्या पत्रात येतं. कॅनडात राहून अर्ज करणाऱ्यांच्या, म्हणजे इनलँड अर्जदारांच्या बाबतीत, लग्न खरं आहे, स्पॉन्सर पात्र आहे, दोघं एकत्र राहतात हे तपासून झालं की पहिल्या टप्प्याची मंजुरी मिळते. बोलताना तिला एआयपी म्हणतात. त्या पत्रात पात्रतेच्या अटी पूर्ण झाल्याचं लिहिलेलं असतं. पोलीस रेकॉर्ड, मेडिकल, सुरक्षा तपासणी हे अजून बाकी असू शकतं, पण ओहिपला हवी ती गोष्ट त्या पत्रात आलेली असते. तेव्हा एआयपी मिळाली की पीआरची वाट बघत बसू नका, पत्र घेऊन सर्व्हिसओन्टारियोच्या, म्हणजे प्रांताच्या सरकारी सेवा केंद्राच्या, कार्यालयात जा.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. आयआरसीसीच्या ऑनलाइन खात्यात पात्रतेच्या रकान्यापुढे काहीतरी हललेलं दिसतं आणि लोक त्याचा स्क्रीनशॉट छापून नेतात. स्क्रीनशॉट म्हणजे पत्र नव्हे. खात्याच्या संदेशांमध्ये पत्र येऊन पडलंय का, ते बघा. आलं नसेल तर आयआरसीसीच्या वेबफॉर्मवरून लेखी मागणी करा. मागणी करताना ओन्टारियोच्या आरोग्य विम्यासाठी पात्रता कळवणारं पत्र हवं आहे, असं स्पष्ट लिहा.

आउटलँड, म्हणजे कॅनडाबाहेर असणाऱ्यांसाठीचा, अर्ज केला आहे पण माणूस प्रत्यक्षात इथेच येऊन राहतोय, अशीही जोडपी बरीच असतात. नियमात इनलँड-आउटलँड असा भेद लिहिलेला नाही, पण व्यवहारात आउटलँड अर्जदाराला हवं ते पत्र हातात येणं जास्त अवघड जातं. अशांनी माझ्या मते पहिल्या मार्गावर फार विसंबू नये आणि दुसऱ्याची तयारी लगेच सुरू करावी.

नोकरीचा मार्ग

नियम थोडक्यात असा: वैध वर्क परमिट असलेली आणि ओन्टारियोतल्या मालकाकडे किमान सहा महिने पूर्णवेळ काम करणारी व्यक्ती ओहिपला पात्र असते. त्यासाठी पीआरचा अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे याला काहीच महत्त्व नाही.

स्पॉन्सर केलेल्या जोडीदाराला ओपन वर्क परमिट मागता येतं, म्हणजे कुठल्याही मालकाकडे काम करण्याची मुभा. पीआरच्या अर्जाची पोच आली की हा अर्ज करता येतो. ओहिपच्या काउंटरवर एकटा पडणारा एओआर इथे कामाला येतो, म्हणून तो आला त्याच आठवड्यात वर्क परमिटचा अर्ज घालावा. माझा सगळ्यांना पहिला आग्रह हाच असतो. ज्यांना लगेच नोकरी करायची नाही त्यांनीही घालावा. परमिट हातात असलं की निर्णय आपल्या हातात राहतो.

यात दोन ठिकाणी जपायचं. पहिलं म्हणजे व्हिजिटर म्हणून राहण्याची मुदत. साधारणपणे ती सहा महिन्यांची असते आणि पीआरचा अर्ज केल्याने आपोआप वाढत नाही. मुदत संपण्याआधी वाढीचा किंवा वर्क परमिटचा अर्ज केला, तर निर्णय येईपर्यंत इथे कायदेशीरपणे राहता येतं. मुदत उलटून गेली की गुंता वाढतो, आणि तो गुंता विम्यापासून पीआरपर्यंत सगळीकडे पसरतो. दुसरं म्हणजे परमिट हातात येण्याआधी काम सुरू करायचं नाही, ओळखीच्या माणसाच्या दुकानातसुद्धा नाही.

नोकरी मिळाल्यावर मालकाकडून पत्र घ्या. त्यात कंपनीचं नाव आणि ओन्टारियोतला पत्ता, तुमचं पद, काम पूर्णवेळ असल्याचं आणि ते किमान सहा महिने चालणार असल्याचं लिहिलेलं हवं. अनेक एचआर विभाग ठरलेल्या नमुन्याचं पत्र देतात. त्यात पगार असतो, रुजू झाल्याची तारीख असते, पण 'पूर्णवेळ' आणि 'सहा महिने' हे शब्द नेमके नसतात. पत्र मागतानाच हे दोन्ही मुद्दे लिहून द्या. सहा महिने काम करून झालेलं असण्याची गरज नाही. काम तेवढा काळ चालणार आहे, हे दिसायला हवं. अर्धवेळ नोकऱ्या दोन असल्या तरी हा मार्ग उघडत नाही, असं धरून चाला.

या नियमाची एक बाजू मला मनापासून खटकते. वर्क परमिटवर ओन्टारियोत पूर्णवेळ काम करणाऱ्या परदेशी माणसाला ओहिप मिळालं, की त्याच्या बायकोला आणि अवलंबून असलेल्या मुलांनाही त्याच्या पात्रतेवर ओहिप मिळतं. स्पॉन्सर करणारा नागरिक असेल किंवा पीआर असेल, तर मात्र त्याच्या कार्डावर जोडीदाराला काहीच मिळत नाही. तिने स्वतःची पात्रता वेगळी सिद्ध करायची. 'माझं कार्ड आहे म्हणजे बायकोचंही होणार' असं मानणारा नवरा मूर्ख नसतो. शेजारच्या घरात त्याने तसं घडताना पाहिलेलं असतं. पण शेजारी तात्पुरत्या परमिटवर असतो आणि हा इथला नागरिक. नागरिकाच्या जोडीदाराला जास्त थांबावं लागणं, आणि तेही बहुतेक वेळा नोकरी करू न शकणाऱ्या, गरोदर किंवा आजारी बाईला, हे न्याय्य नाही. नियम बदलत नाही तोवर त्याचा हिशेब धरूनच पुढचं ठरवावं लागतं.

काउंटरवर जाताना

अर्ज सर्व्हिसओन्टारियोमध्ये प्रत्यक्ष जाऊन करायचा असतो. तीन गोष्टी दाखवायच्या: कॅनडातला तुमचा दर्जा, ओन्टारियोत राहत असल्याचा पुरावा आणि ओळख. तिन्ही मूळ कागदपत्रं लागतात, झेरॉक्स चालत नाही. एकच कागद दोन कामांसाठी वापरता येत नाही, म्हणून दोन-चार जास्तीचे घेऊन जा.

नव्याने आलेल्यांची गाडी अडते ती राहण्याच्या पुराव्यावर. लीज नवऱ्याच्या नावावर, विजेचं बिल नवऱ्याच्या नावावर, बायकोच्या नावावर घरात एकही कागद नाही. त्यामुळे आल्या आल्या लीजवर तिचं नाव घालून घ्या आणि बँकेत संयुक्त खातं उघडा, म्हणजे महिन्याभरात पत्त्यासकट स्टेटमेंट हातात येतं. हेच कागद पुढे आयआरसीसीला एकत्र राहत असल्याचा पुरावा म्हणूनही लागतात, त्यामुळे ही मेहनत वाया जात नाही.

आपल्या लोकांचा आणखी एक ठरलेला घोळ म्हणजे नाव. पासपोर्ट लग्नाआधीचा असतो, त्यावर माहेरचं आडनाव आणि नावाला जोडून वडिलांचं नाव. लग्नाच्या दाखल्यावर सासरचं आडनाव. बँकेत कुणीतरी मधलं नाव गाळून टाकलेलं. लीजवर नवऱ्याने सवयीने आपलं आडनाव लावलेलं. काउंटरवर बसलेल्याला ही तीन वेगळी माणसं वाटतात, आणि त्याला दोष देता येत नाही. कॅनडातल्या प्रत्येक कागदावर पासपोर्टवरचं नाव अक्षर न बदलता लावा. नाव बदलायचंच असेल तर ते पीआरच्या अर्जाआधी पासपोर्टवर बदलून घ्या, किंवा सगळं पार पडल्यावर बदला. मधेच बदलू नका.

कार्ड मंजूर झालं की विमा लगेच सुरू होतो. पूर्वी ओन्टारियोत तीन महिने थांबावं लागायचं. मार्च २०२०मध्ये ती अट काढली. जुन्या लोकांच्या सांगण्यात ती अजून जिवंत आहे, तिकडे लक्ष देऊ नका. मात्र इथे राहण्याची अट आहे. ओन्टारियो हे तुमचं मुख्य घर असलं पाहिजे, कुठल्याही १२ महिन्यांत किमान १५३ दिवस तुम्ही इथे असलं पाहिजे, आणि इथे राहायला सुरुवात केल्यानंतरच्या पहिल्या १८३ दिवसांतही १५३ दिवस इथेच हवेत. म्हणजे सुरुवातीच्या सहा महिन्यांत बाहेर जायला फक्त ३० दिवस उरतात. नव्या सुनेला कार्ड मिळाल्याबरोबर दिवाळीसाठी दोन महिने पुण्याला पाठवायचा बेत असेल, तर हे गणित आधी करा.

वर्क परमिटवर मिळालेल्या कार्डाची मुदत सहसा परमिटच्या मुदतीला बांधलेली असते. परमिट वाढवलं की कार्डाचंही नूतनीकरण करायचं, हे कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

कार्ड नसतानाचा काळ

दोन्ही मार्ग उघडेपर्यंत काही महिने जातात. या काळासाठी खाजगी विमा घ्यावाच, आणि शक्यतो जोडीदार विमानात बसण्याआधी घ्यावा. 'व्हिजिटर्स टू कॅनडा' नावाने इथल्या कंपन्या तो विकतात. इथे आल्यावर घेतला तर बहुतेक पॉलिसींमध्ये आजारपणासाठी सुरुवातीचे काही दिवस कोरे जातात. आधीपासून असलेल्या आजारांबद्दलचं कलम प्रत्यक्ष वाचा. ब्लड प्रेशर, मधुमेह, थायरॉइड यांच्या गोळ्या चालू असतील तर 'प्रकृती इतके दिवस स्थिर हवी' अशी अट असते, आणि गोळीचा डोस बदलला तरी ती मोडू शकते. फॉर्मवर काही लपवू नका. हप्त्यात वाचवलेले थोडे डॉलर, क्लेम नाकारला गेला की हजारोंनी मोजावे लागतात. अशा पॉलिसी अचानक उद्भवणाऱ्या आजारासाठी असतात. बाळंतपण, नेहमीच्या तपासण्या आणि दातांची कामं त्यात सहसा नसतात.

नोकरीतून मिळणाऱ्या विम्यावर भिस्त ठेवली असेल तर एचआरला एक प्रश्न विचारा: जोडीदाराकडे प्रांताचा विमा नसेल तर चालेल का? बऱ्याच ग्रुप योजना प्रांताच्या विम्याच्या वरचा खर्च देतात. खालचा मजला नसताना वरचा बांधला जात नाही, तसंच यांचं असतं.

साध्या आजारासाठी कम्युनिटी हेल्थ सेंटर शोधा. ओन्टारियोत अनेक शहरांमध्ये ही केंद्रं आहेत आणि विमा नसलेल्यांना ती बघतात. जागा मर्यादित असतात, काही ठराविक भागातलेच लोक घेतात, म्हणून बरं असतानाच फोन करून नाव नोंदवा.

गरोदर असाल तर मिडवाइफशी पहिल्याच महिन्यात संपर्क करा. ओन्टारियोत राहणाऱ्या बाईकडे ओहिप नसलं तरी नोंदणीकृत मिडवाइफची सेवा मोफत असते, आणि हे आपल्यातल्या फारच थोड्या जणींना माहीत आहे. मिडवाइफ म्हणजे गावाकडची सुईण असं समजून लोक नाक मुरडतात. इथे त्या विद्यापीठात शिकलेल्या, परवानाधारक असतात आणि हॉस्पिटलमध्येही बाळंतपण करतात. सोनोग्राफी, रक्ततपासण्या, हॉस्पिटलचा खर्च आणि गरज पडल्यास तज्ज्ञ डॉक्टर यांचे पैसे कोण भरणार, ते मात्र त्यांनाच पहिल्या भेटीत विचारून घ्या. इथे जन्मलेलं बाळ जन्माने कॅनडाचं नागरिक असतं, आणि ओन्टारियोत राहणार असेल तर त्याला स्वतःचं ओहिप मिळतं, आईकडे असो वा नसो. खर्चाची टांगती तलवार राहते ती आईच्या उपचारांवर.

जिवावर बेतलं असेल तर सरळ इमर्जन्सीत जा. रुग्णाच्या जिवाला धोका होईल अशा वेळी ओन्टारियोतलं सरकारी हॉस्पिटल त्याला दाखल करून घ्यायला नकार देऊ शकत नाही, असा कायदा आहे. बिल नंतर येतं, आणि ते मोठं असतं. ते आल्यावर गप्प बसू नका. हॉस्पिटलच्या हिशेब विभागाशी बोलून हप्ते बांधून घेता येतात, कधी रक्कमही कमी होते. डॉक्टरांचं बिल हॉस्पिटलच्या बिलापेक्षा वेगळं येऊ शकतं. अँब्युलन्सचे ओहिप असलेल्याला ४५ डॉलर पडतात, नसलेल्याला २४०. कोविडच्या काळात विमा नसलेल्यांचाही हॉस्पिटलचा खर्च ओन्टारियो सरकार देत होतं, पण ती सोय ३१ मार्च २०२३ला बंद झाली. तिच्याबद्दल अजून कुणी सांगत असेल तर त्या भरवशावर राहू नका.

नणंदेचं किंवा मैत्रिणीचं कार्ड वापरण्याचा सल्लाही कुणीतरी देतं. तो गुन्हा आहेच, पण त्याहून भयंकर म्हणजे तुमचा रक्तगट, अ‍ॅलर्जी आणि आजार दुसरीच्या फायलीत जाऊन बसतात.

'सरकारी उपचार घेतले तर पीआर अडकेल का?'

या भीतीपोटी लोक दुखणं अंगावर काढतात, म्हणून सविस्तर लिहिते.

स्पॉन्सर करणारा तीन वर्षांची हमी लिहून देतो: जोडीदाराने सरकारी आर्थिक मदत घेतली तर ती मी फेडेन. ही मदत म्हणजे ओन्टारियो वर्क्ससारखं रोख साहाय्य. ओहिपखालचे उपचार त्यात येत नाहीत. हेल्थ कार्ड घेतल्याने स्पॉन्सरवर कर्ज चढत नाही.

दुसरी भीती मेडिकलची. कॅनडाच्या आरोग्यसेवेवर जास्त भार टाकेल अशा व्यक्तीला पीआर नाकारण्याचं कलम इमिग्रेशन कायद्यात आहे. त्याच कायद्यात स्पॉन्सर केलेल्या नवरा-बायकोला आणि अवलंबून असलेल्या मुलांना त्या कलमातून वगळलं आहे. मधुमेह आहे, डायलिसिस चालू आहे, कॅन्सर होऊन गेला आहे, या कारणावरून 'खर्च फार होईल' म्हणून जोडीदाराचा अर्ज नाकारता येत नाही. सार्वजनिक आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोका, ही वेगळी बाब आहे आणि ती सगळ्यांना लागू असते. तेव्हा इमिग्रेशनच्या डॉक्टरपुढे आजार लपवू नका, आणि त्या भीतीने उपचार थांबवू तर अजिबात नका. जाता जाता: इमिग्रेशनची मेडिकल म्हणजे फक्त तपासणी. तिचे पैसे आपण भरतो, आणि तिच्यामुळे कुठलाही विमा सुरू होत नाही.

आणखी एक गोष्ट, जी सहसा चारचौघांत बोलली जात नाही. पूर्वी स्पॉन्सर केलेल्या काही जोडीदारांना पीआर मिळाल्यावरही दोन वर्षं एकत्र राहण्याची सक्ती होती. एप्रिल २०१७मध्ये ती अट रद्द झाली. घरात मारहाण होत असेल आणि 'निघून गेलीस तर तुझं पीआर काढून घेतील' अशी धमकी मिळत असेल, तर पीआर झालेल्या बाईच्या बाबतीत ती धमकी पोकळ आहे. पीआर अजून व्हायचं असेल तर घर सोडण्याआधी किंवा सोडल्यावर लगेच कायदेशीर सल्ला घ्यावा. कमी उत्पन्न असलेल्यांना कम्युनिटी लीगल क्लिनिकमध्ये तो मोफत मिळतो.

नकार मिळाला तर

काउंटरवर तोंडी 'नाही' ऐकून घरी येऊ नका. कुठल्या कारणाने नाही, कोणता कागद कमी पडला, हे विचारून लिहून घ्या. बऱ्याचदा एखाद्या कागदाचीच कमतरता असते. तरीही पात्रता नाकारली आणि तुम्हाला ते नियमाला धरून वाटत नसेल, तर ओहिपच्या पात्रता पुनर्विलोकन समितीकडे फेरविचार मागता येतो. तिथेही नकार आला तर हेल्थ सर्व्हिसेस अपील अँड रिव्ह्यू बोर्डाकडे अपील करता येतं. हे मंडळ आरोग्य खात्यापासून स्वतंत्र आहे.

लोकप्रतिनिधींच्या कार्यालयाचाही उपयोग होतो, फक्त योग्य दार ठोठवा. आयआरसीसीचं पत्र अडलं असेल तर केंद्रातल्या खासदाराचं, म्हणजे एमपीचं कार्यालय. ओहिप अडलं असेल तर प्रांताच्या विधिमंडळातल्या प्रतिनिधीचं, म्हणजे एमपीपीचं. तिथला कर्मचारी निर्णय बदलू शकत नाही, पण फाइल कुठे थांबली आहे हे विचारू शकतो.

इतर प्रांतांबद्दल थोडंसं

ब्रिटिश कोलंबियात सरकारी विम्याला एमएसपी म्हणतात. तिथे राहायला आल्याचा उरलेला महिना आणि त्यापुढचे दोन महिने थांबावं लागतं. सहा महिने किंवा जास्त मुदतीच्या वर्क परमिटवर पात्रता मिळू शकते. शिवाय तिथल्या रहिवाशाच्या, पीआरसाठी अर्ज केलेल्या जोडीदाराचाही नियमांत वेगळा विचार केलेला आहे. म्हणून व्हँकुव्हरवाल्यांनी आयआरसीसीचं पत्र घेऊन एमएसपीकडे चौकशी जरूर करावी.

क्यूबेकचं सगळंच वेगळं. तिथे स्पॉन्सरशिपमध्ये प्रांताचाही स्वतःचा टप्पा असतो आणि विमा आरएएमक्यू हे प्रांताचं विमा मंडळ बघतं. थांबण्याचा काळ तीन महिन्यांपर्यंत असू शकतो. पण त्या काळातही गरोदरपण आणि बाळंतपण, घरगुती हिंसाचाराच्या पीडितांचे उपचार, आणि सार्वजनिक आरोग्याशी संबंधित संसर्गजन्य आजार यांचा खर्च प्रांत देतो. ही सवलत नोंदणीला पात्र ठरलेल्यांसाठी आहे, त्यामुळे तिथे पोचल्यावर नोंदणीला उशीर करू नका.

पीआर आल्यावर

पीआरची खातरजमा करणारा कागद, म्हणजे सीओपीआर, आला की ओहिपसाठी तोच पुरेसा असतो. प्लास्टिकचं पीआर कार्ड टपालाने येईपर्यंत थांबायची गरज नाही. आधीच ओहिप असेल तर नवा दर्जा सर्व्हिसओन्टारियोत नोंदवून घ्या.

ओहिपमध्ये काय येत नाही, हेही लक्षात असू द्या: प्रौढांची बहुतेक औषधं, दात, आणि २० ते ६४ वयातल्यांची नेहमीची डोळ्यांची तपासणी. औषधांवरचा खर्च उत्पन्नाच्या मानाने जड जात असेल तर ट्रिलियम ड्रग प्रोग्रामला अर्ज करता येतो. दातांसाठी केंद्र सरकारची कॅनेडियन डेंटल केअर प्लॅन ही योजना आहे. दातांचा दुसरा विमा नसलेल्या आणि ९० हजार डॉलरपेक्षा कमी कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांसाठी ती आहे. तिच्यासाठी नवरा-बायको दोघांचंही टॅक्स रिटर्न भरलेलं असावं लागतं, म्हणून पहिल्या वर्षी जोडीदाराची कमाई शून्य असली तरी तिचं रिटर्न भरा.